शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिजनचा वापर मोजताना: फिकचं सूत्र की मेटाबॉलिक मॉनिटर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हृदयशस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांमध्ये तुम्ही ऑक्सिजनचा वापर, म्हणजे व्हीओटू, दोन पद्धतींनी मोजताय: पल्मनरी आर्टरी कॅथेटरने (फुफ्फुसाच्या धमनीत टाकलेल्या नळीने) कार्डियाक आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला किती रक्त पंप करतं ते, घेऊन फिकच्या सूत्राने, आणि व्हेंटिलेटरला जोडलेल्या, श्वासातले वायू मोजणाऱ्या मेटाबॉलिक मॉनिटरने. फिकचा आकडा सरासरी ३५ मिली/मिनिट कमी येतोय, दोन्हींमधला सहसंबंध ०.७८ आहे, आणि यातली बरोबर पद्धत कोणती हे तुम्हाला हवंय. सूत्रात हिमोग्लोबिनचा स्थिरांक (एक ग्रॅम हिमोग्लोबिन किती मिली ऑक्सिजन वाहू शकतं तो आकडा) १.३४ घेतलाय, विरघळलेला ऑक्सिजन नगण्य समजून सोडलाय, आणि बहुतेक रुग्ण ५० टक्के ऑक्सिजनवर होते, असंही तुम्ही सांगितलंय. ही शेवटची माहिती दिलीत हे फार बरं झालं. अर्ध्याहून जास्त उत्तर तिथेच आहे.

एक वाक्यात सांगायचं तर: गळती नसेल आणि श्वासातला ऑक्सिजन ६० टक्क्यांपर्यंत असेल, तर निव्वळ आकड्यासाठी मी मॉनिटरवर भरवसा ठेवेन. पण या दोन पद्धती एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि त्या वेगवेगळ्या परिस्थितीत बिघडतात. त्यामुळे ३५ मिलीचा फरक दिसला की एकीला चूक ठरवण्याआधी तो फरक कशाकशाचा बनलाय ते सोडवून बघावं.

आधी फिक. अडॉल्फ फिकने १८७० मध्ये मांडलेलं तत्त्व आपण उलटं वापरतो: कार्डियाक आउटपुट गुणिले धमनीतल्या आणि मिक्स्ड व्हेनस (सगळ्या शरीरातून परतून फुफ्फुसाच्या धमनीत एकत्र आलेल्या) रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणातला फरक. समजा आउटपुट मिनिटाला ५ लिटर, हिमोग्लोबिन डेसिलिटरला १० ग्रॅम, धमनीत सॅच्युरेशन (ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनचा हिस्सा) ९८ आणि मिक्स्ड व्हेनसमध्ये ६८ टक्के. हिमोग्लोबिनने वाहिलेला फरक झाला १.३४ × १० × ०.३०, म्हणजे डेसिलिटरला ४.०२ मिली. यातून व्हीओटू येतो २०१ मिली/मिनिट. इथेच तुम्ही थांबलात.

आता विरघळलेला ऑक्सिजन धरा. डेसिलिटरमध्ये पीओटूच्या, म्हणजे ऑक्सिजनच्या दाबाच्या, दर मिमी पाऱ्याला ०.००३ मिली. खोलीतल्या हवेवरच्या माणसात हे सोडलं तरी फारसं बिघडत नाही, पण ५० टक्के ऑक्सिजनवर धमनीतला पीओटू १५० आणि मिक्स्ड व्हेनसमधला ३६ असेल, तर ११४ × ०.००३ म्हणजे ०.३४ मिली/डेसिलिटर, आणि ५ लिटर आउटपुटला तब्बल १७ मिली/मिनिट. तुमच्या फरकाचा निम्मा भाग इथेच सापडला. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तासात काही रुग्णांचा पीओटू ४०० असतो. तिथे हा आकडा ५० मिलीच्या पुढे जातो. तेव्हा "नगण्य" हा शब्द आयसीयूत पीओटू बघितल्याशिवाय वापरू नये.

स्थिरांकाचं म्हणाल तर १.३४ आणि १.३९ दोन्ही वापरात आहेत. १.३९ हा हिमोग्लोबिनच्या रेणुभारावरून येतो, १.३४ मध्ये कार्बोक्सी आणि मेथ हिमोग्लोबिनसारख्या निकामी हिस्स्याची वजावट आधीच धरलेली असते. तुमचा को-ऑक्सिमेटर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारं यंत्र) ऑक्सिहिमोग्लोबिनचा हिस्सा एकूण हिमोग्लोबिनच्या तुलनेत देत असेल, तर निकामी भाग त्याने आधीच बाजूला काढलाय, आणि वर १.३४ लावलं की तीच वजावट दोनदा होते. या उदाहरणात १.३९ घेतल्याने ७ ते ८ मिलीने आकडा चढतो. यंत्र कोणतं सॅच्युरेशन छापतं ते माहितीपुस्तकात बघा आणि मग ठरवा. अभ्यासाच्या मध्यात मात्र बदलू नका.

उरले साधारण १० मिली. त्यात फुफ्फुसाचा स्वतःचा वाटा असतो. फुफ्फुसाच्या पेशी अल्व्हिओलसमधून (हवेच्या बारीक पिशवीतून) थेट जो ऑक्सिजन घेतात तो रक्तात येतच नाही, म्हणून फिकला दिसत नाही. मॉनिटर मात्र श्वासातून गेलेला सगळा ऑक्सिजन मोजतो. निरोगी फुफ्फुसात हा वाटा थोड्या टक्क्यांचा असतो, न्यूमोनिया किंवा सुजलेल्या फुफ्फुसात वाढू शकतो, आणि बायपासनंतर (शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसाचं काम यंत्राने केल्यानंतर) फुफ्फुस थोडंफार सुजलेलं असतंच. म्हणजे दोन्ही पद्धती अचूक राबवल्या तरी फिकचा आकडा किंचित कमीच यायला हवा. तो तंतोतंत जुळला, तर मला उलट शंका येईल.

हे झालं सरासरी फरकाबद्दल. एकेका रुग्णात आकडे इकडेतिकडे का उडतात याची कारणं वेगळी, आणि ती बहुतेक हाताच्या कामात असतात.

थर्मोडायल्यूशनमध्ये, म्हणजे कॅथेटरमधून थंड द्रव टोचून रक्ताचं तापमान किती उतरतं त्यावरून आउटपुट काढताना, १० मिली द्रव एका दमात, एकसारख्या जोराने, ४ सेकंदांच्या आत गेला पाहिजे. आउटपुट दाखवणाऱ्या मॉनिटरमध्ये भरलेला कॉम्प्युटेशन कॉन्स्टंट (हिशोबातला गुणक) कॅथेटरचा प्रकार, द्रवाचं आकारमान आणि तापमान या तिन्हींशी जुळतोय ना ते बघा. ५ मिली टोचून १० मिलीचा कॉन्स्टंट ठेवला की आउटपुट दुपटीच्या आसपास दिसतो. किमान तीन टोचण्या, त्या एकमेकींच्या १० टक्क्यांत, आणि त्यांची सरासरी. जी न पटणारी असेल ती काढून टाकायची असेल तर तिचा तापमानाचा आलेख बघून काढा. आकडा आवडला नाही म्हणून नव्हे. ट्रायकस्पिड झडप गळत असेल किंवा हृदयात शंट (रक्ताची आडवाट) असेल तर या पद्धतीने घेतलेला आउटपुट तुलनेत धरू नये. बायपासनंतर लगेच शरीराचं तापमान सरकत असतं, म्हणजे ज्या आधाररेषेवरून यंत्र मोजतं तीच हलत असते. शिवाय शेजारच्या लाइनमधून थंड द्रव वेगाने चालू असेल तर तेही रीडिंगमध्ये मिसळतं. टोचताना बाकीचे बोलस थांबवा.

मिक्स्ड व्हेनस नमुना हा या पद्धतीतला सगळ्यात नाजूक भाग. कॅथेटरचा फुगा पूर्ण रिकामा, टोकाच्या ल्युमेनमधून (पोकळ मार्गातून) आधी लाइनमधलं द्रव आणि थोडं रक्त टाकून द्यायचं, मग नमुना सावकाश ओढायचा. घाईने ओढलात तर फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतलं, ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त मागे खेचलं जातं आणि सॅच्युरेशन खोटं वाढतं. ओळखायची सोपी खूण: मिक्स्ड व्हेनसचा पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) धमनीपेक्षा जास्त असायला हवा. तो बरोबरीचा किंवा कमी आला की नमुना फेकून द्या. ६८ ऐवजी ७० आलं तर काय बिघडतं? वरच्या उदाहरणात विरघळलेला ऑक्सिजन (डेसिलिटरला साधारण ०.१९ मिली, इथे पीओटू १०० धरून) मिळवून व्हीओटू २१० होता, तो १९७ वर येतो. दोन अंकांनी सहा टक्के. आणि रुग्णाचा आउटपुट ८ लिटर असून धमनी-शिरेतला फरक १८ टक्केच असेल, तर तेच दोन अंक १० टक्क्यांच्या वर जातात. भरपूर आउटपुट असलेल्या रुग्णात फिक जास्त डगमगतो, तो यामुळे.

सॅच्युरेशन को-ऑक्सिमेटरवर मोजलेलंच हवं. साधं ब्लड गॅस यंत्र पीओटूवरून सॅच्युरेशनचा अंदाज करतं, आणि मिक्स्ड व्हेनस रक्त डिसोसिएशन कर्व्हच्या (पीओटू आणि सॅच्युरेशनचं नातं दाखवणाऱ्या आलेखाच्या) अगदी खड्या उतारावर बसलेलं असतं. तिथे पीओटूतली जराशी चूक सॅच्युरेशनमध्ये मोठी होते. हिमोग्लोबिन दोन्ही नमुन्यांत एकच असायला हवं. धमनीत १० आणि व्हेनसमध्ये ९.७ आलं, आणि तुम्ही प्रत्येक नमुन्याला त्याचा त्याचा आकडा लावलात, तर फक्त त्या ०.३ ने व्हीओटू सहा-साडेसहा टक्क्यांनी फुगतो. दोन्हींची सरासरी घेऊन तीच दोन्हीकडे वापरा, तफावत ०.५ च्या वर असेल तर एका नमुन्यात फ्लशचं पाणी मिसळलंय असं समजा. सेंट्रल व्हेनस (हृदयाजवळच्या वरच्या मोठ्या शिरेतला) नमुना घेऊन चालेल का, असा मोह होईल. नाही चालणार. तो फक्त वरच्या अंगाचं रक्त दाखवतो. मिक्स्ड व्हेनसपेक्षा तो ५ अंकांनी सरकला तरी वरच्या उदाहरणात ३३ मिलीची चूक होते.

आउटपुटमध्ये १० टक्के आणि ऑक्सिजनच्या फरकात ६ ते ७ टक्के चूक धरली तर दोन्ही मिळून फिकच्या व्हीओटूत साधारण १२ टक्के अनिश्चितता येते. २१० वर ती २५ मिली. हे सगळं नीट केल्यावरचं.

आता मॉनिटर. तो आत गेलेला ऑक्सिजन वजा बाहेर आलेला ऑक्सिजन असं गणित करतो, पण बहुतेक यंत्रं दोन्ही बाजूंचं आकारमान मोजत नाहीत. बाहेरचं मोजतात आणि आतलं हाल्डेनच्या रूपांतराने काढतात: नायट्रोजन शरीरात ना वापरला जातो ना तयार होतो, म्हणून नायट्रोजनच्या प्रमाणावरून आत गेलेलं आकारमान ठरतं. या सूत्रात एक वजा श्वासातला ऑक्सिजन हा भाजक आहे. ऑक्सिजन जितका जास्त, तितका नायट्रोजन कमी आणि तितकी चूक मोठी.

किती मोठी ते बघा. मिनिटाला ८ लिटर श्वसन आणि २५० मिली व्हीओटू असलेला रुग्ण धरा, आणि आत जाणाऱ्या ऑक्सिजनच्या मोजणीत फक्त ०.१ टक्का चूक, म्हणजे ४०.० ऐवजी ४०.१. खोलीतल्या हवेवर व्हीओटूतली चूक १० मिली, ४० टक्क्यांवर १३, ५० वर १६, ६० वर २०, आणि ८० वर ४० मिली. शंभर टक्क्यांवर सूत्र मोडूनच पडतं. ६० टक्क्यांची मर्यादा यातून आलीय. ती एखादी भिंत नाही, पण तिच्या पलीकडे मी आकडा घेत नाही. तुमचे रुग्ण ५० वर होते, म्हणजे हद्दीत, पण अगदी निर्धास्त नव्हे. शिवाय काही व्हेंटिलेटरांत ब्लेंडरमधून येणारा ऑक्सिजन एका श्वासातही वरखाली होतो. यंत्र तो श्वासागणिक मोजतं की सुरुवातीला एकदाच, हे तपासा.

बाकीच्या चुका गळतीच्या. एंडोट्रॅकियल ट्यूबचा (श्वासनलिकेतल्या नळीचा) फुगवायचा कफ, छातीच्या नळीतून येणारे बुडबुडे, सैल जोड. जी हवा मॉनिटरपर्यंत पोचलीच नाही ती हिशोबात नाही. छातीच्या नळीत हवा येत असेल तर त्या रुग्णाला तुलनेतून वगळा. बाहेरच्या गॅसवर चालणारा नेब्युलायझर बंद. मिक्सिंग चेंबरच्या (उच्छ्वासाची हवा डब्यात मिसळून मोजणाऱ्या) यंत्रात व्हेंटिलेटरचा बायस फ्लो (सतत वाहता गॅस) बाहेर आलेल्या हवेत मिसळून ती पातळ करतो, तो बंद करा किंवा यंत्र तो धरतं का ते बघा. सॅम्पल लाइनमध्ये पाणी साचलं की श्वासागणिक मोजणाऱ्या यंत्रांत गॅसचा सिग्नल आणि प्रवाहाचा सिग्नल यांची वेळ जुळत नाही, आणि आकडा गुपचूप सरकतो. भूल देणाऱ्या वायूंचा अंश उरला असेल तर काही अ‍ॅनलायझर तो दुसऱ्या वायूच्या खात्यात टाकतात. नायट्रस ऑक्साइड तर हाल्डेनच्या गृहीतकालाच धक्का देतो.

कॅलिब्रेशन गॅसने, यंत्र सांगितलेल्या वेळेइतकं तापल्यावर. त्याशिवाय अधूनमधून अल्कोहोल जाळून पूर्ण यंत्र तपासावं: मिथेनॉल असो वा इथेनॉल, रेस्पिरेटरी कोशंट (आरक्यू, म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) ०.६७ यायलाच हवा. मोजलेला ०.७२ आला तर गॅसचं कॅलिब्रेशन "पास" झालं असलं तरी कुठेतरी गडबड आहे. आणि एकक. व्हीओटू एसटीपीडीत (शून्य अंश, प्रमाण दाब, कोरडी हवा) असायला हवा, कारण रक्तातलं प्रमाण आपण त्याच एककात मोजतो. ३७ अंशांच्या ओल्या हवेपासून कोरड्या शून्य अंशांच्या हवेपर्यंतचा गुणक समुद्रसपाटीला ०.८२६ आहे, हे रूपांतर राहून गेलं तर आकडा २१ टक्क्यांनी फुगतो. मॉनिटरचे आकडे सगळ्याच रुग्णांत एकाच प्रमाणात जास्त दिसत असतील, तर पहिल्यांदा हे बघा.

शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण स्वतः स्थिर नसतो, ही तिसरी बाब दोन्ही पद्धतींना लागू. तापमान एक अंश वाढलं की व्हीओटू साधारण १० टक्के वाढतो. ३५ वर आलेला रुग्ण ३७ ला पोचेपर्यंत आधाररेषाच पाचव्या हिश्शाने सरकते. थरथर सुरू झाली तर व्हीओटू दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. सक्शन, कूस बदलणं, भूल उतरणं, सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून मोजणीआधी अर्धा तास रुग्णाला हात लावू नये, आणि मॉनिटरवर सलग ५ मिनिटं ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्हींचा कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन (सरासरीच्या तुलनेत चढउतार) १० टक्क्यांखाली असल्याशिवाय रीडिंग धरू नये.

यातली एक गोष्ट बरेच जण विसरतात: ऑक्सिजनचं प्रमाण बदलल्यावर काही वेळ थांबणं. ४० वरून ६० टक्के केलंत आणि फुफ्फुसात २ लिटर हवा शिल्लक असेल, तर तिथे सुमारे ४०० मिली ऑक्सिजन नुसता साठतो आणि तेवढाच नायट्रोजन बाहेर पडतो. यंत्राला ते शरीराने वापरल्यासारखं वाटतं. निरोगी फुफ्फुसात हे काही मिनिटांत आटोपतं, हवा नीट न पोचणाऱ्या भागांत जास्त वेळ लागतो. अर्धा तास थांबलात की सहसा सुरक्षित. कार्बन डायऑक्साइडचे साठे तर याहून कितीतरी मोठे, त्यामुळे व्हेंटिलेशन बदलल्यावर आरक्यू तासभरही वेडावाकडा राहू शकतो, भले व्हीओटू स्थिरावला असो.

मग दोन्ही मोजण्या एकाच वेळच्या आहेत ना? तीन टोचण्या आणि दोन नमुने यांना ८ ते १० मिनिटं लागतात. नमुने टोचण्यांच्या मध्ये घ्या आणि मॉनिटरची त्याच १० मिनिटांची मिनिटागणिक सरासरी काढा. आधीची किंवा नंतरची रीडिंग जोडीला लावली तर तुम्ही पद्धतींची नव्हे, रुग्णाच्या दोन अवस्थांची तुलना कराल. सतत आउटपुट दाखवणाऱ्या कॅथेटरचा आकडा गेल्या काही मिनिटांची सरासरी असतो, तेही ध्यानात असू द्या.

तुमच्या ०.७८ बद्दल. सहसंबंध दोन पद्धती एकत्र वरखाली होतात का एवढंच सांगतो. एक पद्धत नेहमी ५० मिली कमी दाखवत असली तरी तो १ असू शकतो, आणि रुग्णांमध्ये लहान-मोठी शरीरं मिसळली की आपोआप वाढतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये दिलेली रीत वापरा: फरक विरुद्ध सरासरी, पक्षपात (सरासरी फरक) आणि मर्यादा (बहुतेक फरक ज्यांच्या आत पडतात). पण त्याआधी प्रत्येक पद्धत त्याच रुग्णात लागोपाठ दोनदा करून तिची स्वतःची पुनरावृत्ती तपासा. फिकच स्वतःशी १२ टक्क्यांनी जुळत नसेल, तर मॉनिटरशी त्याहून जवळ जुळणं शक्य नाही. एकाच रुग्णाच्या चार जोड्या म्हणजे चार रुग्ण नव्हेत. कोणती जोडी कोणत्या रुग्णाची हे विश्लेषणात राहू द्या. कार्डियाक आउटपुटच्या तुलनेत ३० टक्क्यांची जी मर्यादा वापरतात ती इथे आंधळेपणाने आणू नका. ती थर्मोडायल्यूशनची स्वतःची चूक २० टक्के धरून काढलेली आहे.

पुढे जाऊन ऑक्सिजन पुरवठा वाढवला की वापर वाढतो का, असा प्रश्न तुमच्या मनात असेल, तर फिकचा व्हीओटू तिथे चालणार नाही. पुरवठा आणि वापर दोन्ही एकाच आउटपुटने गुणलेले असतात. आउटपुटमधली चूक दोन्ही अक्षांवर एकाच दिशेने जाते आणि नसलेली रेषा दिसू लागते. त्यासाठी व्हीओटू मॉनिटरचाच हवा.

मॉनिटर मिळत नसेल तेव्हा व्हेंटिलेटरच्या कार्बन डायऑक्साइडला ०.८५ ने भागून व्हीओटू काढतात. आहाराच्या हिशोबाला ते बरं आहे, पण खरा आरक्यू ०.७५ असेल तर आकडा १२ टक्के कमी येतो, आणि उपाशी रुग्णात तो ०.७५ असतोच. शरीराच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला १२५ मिली असं धरून चालणं या रुग्णांत तर निव्वळ अंदाज.

आता तुमच्या हातातल्या जोड्या. विरघळलेला ऑक्सिजन मिळवून सगळं पुन्हा गणित करा, स्थिरांक यंत्राप्रमाणे ठरवा, आणि दोन्ही नमुन्यांचं हिमोग्लोबिन एक करा. वगळण्याचे नियम निकाल बघण्याआधी लिहून ठेवा: ऑक्सिजन ६० टक्क्यांवर, हवेची गळती, मोजणीच्या १० मिनिटांत तापमान ०.२ अंशाहून जास्त सरकलेलं, आरक्यू ०.६७ ते १.२ च्या बाहेर, मिक्स्ड व्हेनसचा पीसीओटू धमनीइतका किंवा कमी. माझा अंदाज, पक्षपात १० ते १५ मिलीवर येईल. तो तरीही ३० च्या आसपास राहिला, तर सूत्र सोडून एसटीपीडीचं रूपांतर आणि कॉम्प्युटेशन कॉन्स्टंट पुन्हा तपासा, त्याच क्रमाने.